डोक्यावरची माती

ज्या वसंतात ग्नातच्या नातीचा बाप्तिस्मा झाला, त्याच वसंतात सरकारं सीमा मोजायला आली. दुसरं महायुद्ध संपून तिसरं वर्ष होतं. वेरिंका ओढ्याचा बर्फ फुटला होता, आणि तपकिरी, फेसाळ, कुजक्या वासाचं पाणी गालिसियाच्या कुरणांतून ओघळत होतं.

किळस यावी इतक्यांदा ही भूमी मोजली गेली. रुथेनियाचा राजपुत्र आला, लोहशिरस्त्राण, रक्तध्वज. मग पोलंडचा राजा आला. मग व्हिएन्नाचा सम्राट. प्रत्येकाने ओढ्याकाठी मातीचा उंचवटा रचला, प्रत्येकाने त्याखाली कोळसा पुरला, कारण कोळसा कुजत नाही. प्रत्येक जण म्हणाला, ही कायमची सीमा. कोळसा कायमचा राहिला. माणसं कुजली.

आता दोन सरकारांचे दोन अधिकारी. एकाच्या बुटांना तेल, दुसऱ्याच्या मिशांना तेल.

त्यांच्यामध्ये ग्नात, एकोणऐंशी वर्षांचा, जुनी सीमा ठाऊक असलेला शेवटचा माणूस. इथली रीत जुनी होती. साक्षीदाराने गवतासकट उपटलेलं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि सीमेवरून चालायचं. जो खोटं चालेल, त्याला मेल्यावर माती पोटात घेत नाही.

"ग्नात, टोपी काढ रे! सरकारने नवी धाडलीय!" शेजारीण टेक्ल्या कुंपणावरून ओरडली. लोक हसले. ग्नात हसला नाही.

सीमा ओढ्यावरूनच जात होती, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे दफनभूमी पलीकडे, परक्या मुलखात. तिथे नासपतीच्या झाडाखाली ओरिस्या निजली होती, त्याची बायको. तिच्या शेजारची हातभर रुंद जागा त्याने दगड लावून स्वतःसाठी राखली होती.

"चला आजोबा," तेलकट बूट म्हणाला. "खरं तेच चाला."

ग्नात चालला. ढेकूळ ओलं, थंड, गांडुळांनी वळवळणारं. चिखलाचे ओघळ भुवयांवरून ओठांवर. ओढ्याशी आल्यावर त्याने काठाने वळायला हवं होतं. तो वळला नाही. गुडघाभर पाण्यातून तो पलीकडे चढला.

टेक्ल्याचं हसू गळालं. "अरे ग्नात... डोक्यावर माती आहे रे!" तिने छातीवर क्रूस काढला.

तो थांबला नाही. दफनभूमीला वळसा घालून, नासपतीला, दगडाला, ओरिस्याला आत घेऊन, आयुष्यातलं पहिलं खोटं पावलापावलाने रेखीत तो परत आला.

अधिकाऱ्यांनी पाहिलंही नव्हतं. मिशीवाला उकडलेलं अंडं सोलत होता. बूटवाल्याने नकाशा उलगडला. राजधानीत, हिवाळ्यातच छापलेला. निळी रेघ ओढ्यावरून गेली होती.

"मग मला चालवलंत कशाला?"

"नियमात साक्षीदार लागतो, आजोबा. इथे अंगठा लावा."

नकाशावर अंड्याचा पिवळा चुरा सांडला होता. ग्नात थुंकला. नकाशावर नाही, आपल्याच तळहातावर. त्या थुंकीने तो कपाळावरची माती पुसू लागला. पुसत राहिला. पुसत राहिला.

उन्हाळ्यात काटेरी तार आली. तारेपलीकडे दर वसंतात नासपती फुले, शुभ्र, निर्लज्ज, कुणाचीच नसलेली.

ग्नात १९५१ च्या मे महिन्यात, सात तारखेला वारला. त्याला ओढ्याच्या अलीकडे पुरलं.