अनसेल्मोसाठी वाढवलेलं गवत

हार्लन फॉल्सच्या कूपर्स या बेसबॉल संघात गेल्या बत्तीस वर्षांत नऊ प्रशिक्षक येऊन गेले, तीन मालक झाले, आणि एकदा तर अख्खा संघच दुसऱ्या शहराला विकला जाता जाता राहिला. या सगळ्या उलथापालथीत न हललेली गोष्ट एकच, मैदानाच्या गवतावरची लेरॉय प्रुइटची सत्ता. खेळाडू चुकले की लोक शिव्या देतात. गवताला आजवर कोणी शिवी दिली नव्हती, आणि याचा अर्थ लेरॉयने आपल्या सोयीने लावून घेतला होता.

त्यामुळे सोमवारी सकाळी हॅलोरन कडक इस्त्रीच्या पँटीत, काखेत टॅब्लेट मारून, थेट गवतावरून चालत आला तेव्हा लेरॉयने आधी त्याच्या बुटांकडे बघितलं. हॅलोरन संघाचा व्यवस्थापक. वय तेहतीस, शिक्षण भरपूर. बेसबॉल कधी खेळला नव्हता, आणि ते तो लपवतही नव्हता.

"मिस्टर प्रुइट, एक विचारू? इथलं गवत किती उंच आहे?"

"एक इंच."

"आणि तिथलं?" हॅलोरनने दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यासमोरच्या गवताकडे बोट केलं. शॉर्टस्टॉपची, म्हणजे त्या फटीतून जाणारे चेंडू अडवणाऱ्याची, जागा ती. चौदा वर्षं तिथे अनसेल्मो पेगेरो उभा राहत होता.

"तिथलं जरा जास्त असेल."

"मी मोजलं. पावणेदोन इंच. आणि मातीवर पाणीही तिथेच जास्त असतं."

लेरॉयने टोपी काढून डोकं खाजवलं. यात बेकायदेशीर काही नव्हतं. आपल्या माणसांना सोयीचं होईल असं मैदान ठेवायचं, हे प्रत्येक गावचा मैदानवाला करतो, आणि पाहुण्यांनी त्यावर कुरकुर करायची, हीही रीतच. चार वर्षांपूर्वी अनसेल्मोचे पाय जड पडायला लागले, ते सगळ्यात आधी लेरॉयला दिसलं. त्याने कोणाला विचारलं नाही. गुपचूप मशीनचं पातं वर घेतलं. लांब गवतात, ओल्या मातीत चेंडू दमतो, आणि दमलेल्या चेंडूपर्यंत दमलेला माणूस पोचतो.

"घरच्या मैदानावर पेगेरो ठीक दिसतो," हॅलोरन म्हणाला. "बाहेरगावी त्याच्या बाजूने चेंडू सटासट जातात. शुक्रवारी मालकीण मिसेस स्टेडमन त्याच्या कराराचा निर्णय घेणार. दोन वर्षं वाढवायचा की नाही. म्हणजे दोन वर्षं त्याला वाढवायचं की तुमच्या गवताला, हे मला कळायला नको?"

"मग?"

"उद्यापासून तीन सामने आहेत. सगळीकडे एक इंच करा. पाणीही सगळीकडे तेवढंच."

लेरॉयने टोपी परत डोक्यावर घातली. हुकूम म्हणजे हुकूम. फक्त गळा कापायच्या आधी सांगावं, एवढी माणुसकी त्याच्यात होती. तो कपडे बदलायच्या खोलीत गेला. अनसेल्मो बाकावर बसून बर्फाच्या बादलीत गुडघे गार करत होता.

"अनसेल्मो, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"तुझी मुलगी पळून गेली?"

"मुलगी पन्नाशीला आली माझी. गंमत नको. तुझ्यासमोरचं गवत मी चार वर्षं वाढवून ठेवलंय. तुला बरं पडावं म्हणून."

अनसेल्मो गालातल्या गालात हसला. "म्हाताऱ्या, मी त्याच गवतावर उभा असतो. माझ्या पायांना डोळे नाहीत असं वाटलं तुला?"

"माहीत होतं? मग बोलला नाहीस कधी?"

"तू सामन्याआधी त्या पट्ट्याकडे असा बघायचास, जसं काही तुझ्याच पोटचं. कसं बोलणार? वाईट वाटलं असतं तुला."

लेरॉयला नक्की कशाचा राग आला हे त्याला स्वतःलाच कळेना. "आता कापायला सांगितलंय. एक इंच."

"हॅलोरनने?" अनसेल्मोने बादलीतून एक गुडघा बाहेर काढला. त्याचा चेहरा आता बदलला होता. आपल्या गावच्या, सान ख्रिस्तोबालच्या दगडगोट्यांच्या मैदानावर खेळून तो इथवर आला होता, तिथे गवत नावाची भानगडच नव्हती. "पाऊण इंच कर. आणि पाणी अजिबात मारू नकोस. भाजू दे माती."

"वेड लागलंय तुला? तू सदतीस पूर्ण केलेस."

"अडतीस. ते कागदावर चुकलंय. कोणाला सांगू नकोस."

मंगळवारी दुपारी पाऊण इंच गवतावरून चेंडू तापलेल्या तव्यावरच्या थेंबासारखे उडत आले. तिसऱ्या डावात एक अनसेल्मोच्या डाव्या हाताजवळून गेला. सहाव्यात आणखी एक, आणि त्यावर दोन धावा गेल्या. स्टँडमध्ये मोहरी लावलेले सॉसेजचे पाव खाणारी मंडळी थोडा वेळ चावायची थांबली. हॅलोरन वरच्या काचेमागून टॅब्लेटवर बोट टेकवताना लेरॉयला दिसला. त्याला वाटलं, हे बोट आपण छाटलेल्या गवतावरच पडतंय.

बुधवारी सकाळी नऊलाच अनसेल्मो मैदानावर हजर. पायात साधे बूट, हातात कॉफीचा पेला. आपल्या जागी उभा राहून तो समोर बघत राहिला.

"काल चेंडू लवकर येत होता," तो म्हणाला.

"कापलं की लवकरच येणार."

"तेच म्हणतोय. लवकर येणार असेल, तर मी इतका पुढे कशाला उभा आहे?"

अनसेल्मो एक एक पाऊल मागे जायला लागला. एक, दोन, चार. सहाव्या पावलाला त्याच्या टाचा मागच्या बाजूच्या गवताच्या कडेला लागल्या. तिथून तो डाव्या-उजव्या बाजूला झुकून बघायला लागला. जितका मागे, तितका बघायला वेळ जास्त, आणि दोन्ही बाजूंना पोचायलाही.

"इथून पहिल्या बेसपर्यंत, फलंदाज पोचायच्या आत, फेकता येईल?" लेरॉयने विचारलं. "लांब आहे हं."

"पाय थकलेत रे. हाताला अजून कोणी वय सांगितलेलं नाही."

त्या दुपारी त्याच्याकडे सात चेंडू आले. सातही फलंदाज बाद. एक तर इतका दूर गेला होता, की तो पकडताना अनसेल्मोची पाठ मैदानाकडे होती. वळला, पाय न टेकताच हात फिरवला, आणि चेंडू सुतासारखा सरळ जाऊन पहिल्या बेसवरच्या हातमोज्यात असा वाजला की वरच्या रांगेत बसलेली म्हातारी उभी राहिली. गुरुवारी सहापैकी सहा. एकदाही त्याने अंग जमिनीवर टाकलं नाही. गरजच पडली नाही.

लेरॉयची छाती शर्टात मावेना. "बघितलंत?" असं त्याने पाणी मारायच्या नळीपासून शेजारच्या पोलिसापर्यंत सगळ्यांना विचारलं. आठव्या डावात मात्र त्याच्या डोक्यात एक विचार आला आणि छातीतली हवा जरा कमी झाली. मंद गवतात चेंडू रेंगाळतो, म्हणून शॉर्टस्टॉपला पुढे यावं लागतं. पुढे आला की बाजूचं सुटतं. घरी चार वर्षं पुढे उभं राहायची सवय लागली, की बाहेरगावीही माणूस पुढेच उभा राहतो. बाहेरगावचे चेंडू सटासट जात होते, ते म्हातारपणामुळे नाही. लेरॉयच्या प्रेमामुळे.

शुक्रवारी सकाळी मिसेस स्टेडमनच्या खोलीत त्याला बोलावणं आलं. वय ऐंशी, केस पांढरे, नजर खणखणीत. हॅलोरन आधीच बसला होता.

"तीन दिवस म्हणजे काही नाही," तो म्हणत होता. "दोन दिवस छान गेले, योगायोग असेल. चार वर्षांचे बाहेरगावचे आकडे घसरलेत. करार वाढवू नये, असं माझं मत आहे. वाईट वाटतं, पण मत तेच."

"लेरॉय, तू काय म्हणतोस?" बाईंनी विचारलं. "तू बत्तीस वर्षं त्या मातीत आहेस."

लेरॉयला वाटलं, 'माणूस म्हातारा झाला, बाई' एवढं म्हटलं तरी आपलं गवत स्वच्छ राहील. कोणी कधी विचारणार नाही. बत्तीस वर्षांचं नाव. त्याने टोपी हातात चुरगाळली.

"बाई, आकडे बरोबर आहेत. घसरवले मी."

"तुम्ही?" हॅलोरनने मान वर केली.

"गवत वाढवलं. त्याला पुढे आणून उभं केलं. तो पुढे उभा राहायला शिकला आणि सगळीकडे तिथेच उभा राहत गेला. वाटलं, मी त्याला सांभाळतोय. खरं तर मी त्याला बांधून ठेवलं होतं. खोटं वाटत असेल तर बघा, चार वर्षांपूर्वी तो कुठे उभा राहायचा."

हॅलोरनने टॅब्लेटवर बोटं चालवली. बराच वेळ चालवली. मग चष्मा काढून पुसला. "साडेचार पावलं मागे," तो म्हणाला. "घसरण ज्या वर्षी सुरू झाली, त्याच वर्षी पुढे आला. मी हे बघायला हवं होतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट कोडं सुटल्याचा आनंद होता, आणि त्याबद्दल लेरॉयने त्याला मनातल्या मनात पहिल्यांदाच मार्क दिले.

"मग आता आकडे काय म्हणतात?"

"आकडे म्हणतात, एक वर्ष नक्की. दुसरं वर्ष आकड्यांना माहीत नाही."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं. आणि लेरॉय, गवत सगळीकडे सारखं. यापुढे खेळाडूला मदत करायची असेल तर आधी त्याला विचारायचं."

"हो, बाई."

"तोंड पाडून बसू नकोस. चार वर्षं कोणी दुसऱ्यासाठी उगाच इतकं चुकत नाही."

बाहेर अनसेल्मो भिंतीला टेकून उभा होता. चौदा वर्षं एका जागी उभा राहिलेला माणूस, त्याला आता हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं.

"काय झालं?"

"दोन वर्षं."

अनसेल्मोने डोळे मिटून घेतले, उघडले, आणि मग लेरॉयच्या खांद्यावर जोरात थाप मारली. "तू काय सांगितलंस आत?"

"सांगितलं की तू फार मागे उभा राहतोस."

"खोटारड्या."

लेरॉयने खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. नॉर्मा, बातमी चांगली आहे, तो म्हणाला. दोन वर्षं मिळाली आपल्याला. पलीकडून तिने काहीतरी विचारलं असावं, कारण तो ताठ झाला आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "आपल्याला म्हणजे आपल्याला. तो काय एकटा खेळतो?"