पहाऱ्याची ओळ

वरची बिजागरी निखळली आणि बाहेरचा माणूस ओरडला, "चार नंबर! बाहेर ये, नाहीतर आत येऊन चिरीन!"

आश्रयगृहाच्या मावशी दाराला पाठ लावून उभ्या होत्या. "मेल्या, बायकोपुढेच वाघ होतोस का रे?" मग माझ्याकडे वळून, "कपाट ढकल गं, बघत काय बसलीस?"

इथला पत्ता आणि खोलीचा नंबर त्याला कळायलाच नको होते. दोन्ही फक्त आमच्या वेब अॅपमधल्या एका पानावर होते, आणि ते अॅप मी लिहिलेलं.

कपाट पोचायच्या आत फळी फुटली, लोखंडी पहार आत आली. मावशींचं कोपर वाळक्या काटकीसारखं मोडलं. त्याने चार नंबरमधल्या आपल्या बायकोला केसांना धरून जिन्यावरून ओढलं; पायरीपायरीला तिचं तोंड आपटलं. इतर खोल्यांतल्या दोघींनी उकळतं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं, तेव्हा मूठ सुटली. पोलिसांनी त्याला उचलून नेलं.

मी अॅपच्या कोडची फाइल उघडली. कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं, ते सगळे राउट आधी एकाच लांबलचक फाइलमध्ये होते. अगदी वर पहाऱ्याची ओळ : लॉगिन नसेल तर मागे फिर. तिच्याखालचं सगळं आपोआप सुरक्षित. परवा मी त्या फाइलच्या सहा फाइली केल्या. मावशी हसल्या होत्या, "एका चुलीच्या सहा चुली मांडल्यास म्हणायच्या!" वेगळं निघताना कुलूप जुन्या घरीच राहिलं. खोल्यांची फाइल मी पहाऱ्याच्या ओळीच्या वर जोडली होती, म्हणून तिला पहारा लागलाच नाही. बायकोच्या घरी राहिलेल्या जुन्या फोनमधली आमची लिंक त्याने आजवर कितीदा दाबली असेल. काल ती उघडली.

सहाही फाइलींत मी ती ओळ स्वतंत्र लिहिली. लॉगिनशिवाय एकेक पान उघडून पाहिलं. सगळी मागे फिरली.

सकाळी संचालिकाबाईंनी चार नंबरला समोर उभं केलं. "जिच्यामुळे पत्ता फुटेल तिने खोली सोडायची. नियम माहीत आहे ना? तूच फोन केलास त्याला."

ओठांना टाके होते. तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

"मग त्याला काय स्वप्न पडलं?"

मी दोन नंबरमध्ये राहते. माझ्या बरगड्या मोडणाऱ्याला माझा पत्ता अजून सापडलेला नाही.

"तिने नाही," मी म्हणाले. "मी. पान उघडं राहिलं माझ्याकडून."

संचालिकाबाई माझ्याकडे वळल्या. "नियम मी तुझ्यासाठी बदलू कसा गं?"

"नका बदलू."

गळ्यात हात अडकवलेल्या मावशी पुटपुटल्या, "गप्प बसली असतीस तर कुणाला कळणार होतं?"

माझी एकच पिशवी झाली. दार नव्हतंच, तिथे कपाट लावलेलं. चार नंबरने खांदा लावून ते सरकवलं, मी जाण्यापुरतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

फाटकापाशी पोचले तेव्हा मागे फरशीवरून कपाट परत ओढल्याचा आवाज आला. ते चौकटीला नीट टेकेपर्यंत मी थांबले.