एट माइल रस्त्याच्या अलीकडची लाल गाडी

मित्रांनो, माझा लाल रंग विटला आहे, मागची काच फुटली आहे आणि चाके कुणीतरी काढून नेली आहेत. तरीही ओळख सांगते. मी डेट्रॉइटची एक जुनी मोटारगाडी आहे. ज्या शहरात तयार झाले, त्याच शहरात जन्मभर राबले. याचे कुणाला कौतुक वाटेल, असे मला उगाचच वाटे.

माझी मालकीण वर्लीन टिब्स शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. गाडी चालवायला लागल्यापासून बावीस वर्षांत तिला एकदाही दंड झाला नव्हता, की तिच्या हातून कुणाच्या गाडीला साधा ओरखडा पडला नव्हता. दर रविवारी चर्चला निघण्याआधी ती मला पुसून लख्ख करी. तरी माझ्या विम्याचा हप्ता तिच्या घरभाड्याला टेकला होता. शेजारचा रॉस्को ठासून सांगे, की लाल गाडीचा विमा महागच असतो. मी मनातून ओशाळत असे. मला राखाडी रंग द्यायचे वर्लीनने जवळजवळ ठरवलेच होते.

त्याआधी ती मला घेऊन विमा एजंट कोवाल्चिक यांच्याकडे गेली. ते कॉफीचा कप घेऊन बाहेर आले आणि मला बघून हसले.

"अहो बाई, रंग आम्ही विचारतसुद्धा नाही. तुमचं वय बघतो, आजवर गाडी कशी चालवलीत ते बघतो, गाडी कुठली ते बघतो. पण तुम्हाला नडतोय तो पत्ता. गाडी रोज कुठं उभी राहते, ते."

एट माइल रस्ता ही डेट्रॉइटची हद्द. तो ओलांडला, की पलीकडच्या साउथफील्ड गावात हाच विमा जवळपास निम्म्यात पडला असता. तिथे वर्लीनची धाकटी बहीण अर्नेस्टिन राहत होती.

"माझा पत्ता लाव ना, ताई," ती म्हणाली. "आपल्या चर्चमधले निम्मे लोक कागदावर पलीकडंच राहतात."

वर्लीन आठवडाभर घुटमळली आणि मग तिने तो पत्ता लावला. खोट्याची तिला सवय नव्हती. मागे पोलिसांची गाडी दिसली, की ती उगाचच वेग कमी करी. पण वाचलेल्या पैशांत त्या हिवाळ्यात घर नीट गरम राहिले. माझ्या तेलगळतीचे काम तेवढे राहून गेले. थेंब थेंब गळून मी तिच्या दारासमोर रस्त्यावर एक मोठा काळा डाग पाडला.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, बर्फाने जड झालेली मेपलची फांदी माझ्यावर कोसळली. माझे छत आणि बॉनेट चेपले. शेजाऱ्यांनी मला ओढून बाजूला केले, तेव्हा माझ्याखालचा काळा डाग उघडा पडला. विमा कंपनीकडून एक बाई पाहणीला आल्या. भरपाई मिळाली तरच वर्लीनला दुसरी गाडी घेता येणार होती, आणि शाळा तर शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"गाडी साउथफील्डलाच असते ना?" बाईंनी कागद बघत विचारले. "त्या दिवशी इकडं पाहुणी आली असेल."

नुसती मान हलवली असती तरी भागले असते. वर्लीनने नकळत आपला बूट त्या काळ्या डागावर ठेवला. डाग बुटापेक्षा फार मोठा होता. तिने पाय काढून घेतला.

"पाहुणी कसली? बारा वर्षं इथंच राहते ती. हा डाग तिचाच आहे."

भरपाई नामंजूर झाली. वर्लीन आता दोन बस बदलून कामाला जाते, आणि मला भंगारवाल्याने उचलून आणले. त्याचे आवार एट माइलच्या पलीकडे, साउथफील्डमध्येच आहे. वर्लीन एकदा माझा कप्पा रिकामा करायला आली होती. तिने हातमोजे घेतले, विम्याचा कागद वाचला आणि परत आत ठेवला.

"झाला बाई तुझा पत्ता खरा," ती म्हणाली. "दारातला डाग मात्र काही केल्या जात नाही." मला फार वाईट वाटले, आणि थोडे बरेही वाटले.

मित्रांनो, गाडी पुसता तशी तिची गळतीही वेळच्या वेळी बघा. आणि ती जिथे राहते तिथलाच पत्ता लिहा, महाग पडला तरी. मी आता पलीकडे राहते. इथे माझा विमा फुकट उतरवतो म्हटले तरी कुणी घेणार नाही. माझे घर म्हणाल, तर तो डाग आहे तिथेच आहे.