सावकाश वाळलेली जांभळी काच

मी उन्हाची वीज करणारा एक जुना सौरघट आहे, मित्रांनो. छपरावरच्या निळ्या पाट्यांचा नातेवाईक, पण गरीब घरचा. काचेच्या तुकड्यावर प्लास्टिकचा पातळ थर, एवढाच माझा देह. हसायचं तर हसून घ्या. चंद्रपूरच्या कॉलेजात सगळे हसलेच होते.

मला तिथे संशोधन करणाऱ्या चामोर्शीच्या जयाबाईंनी घडवलं, २००६ च्या मे महिन्यात. माझ्याआधीचे भाऊ एकजात शेंदरी निघाले. एकालाही वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवता आला नाही. विभागप्रमुख गुणवंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "जया, या प्लास्टिकची बालटी तरी कर, पाणी भराले कामी येईन. सोमवारी काटा नाई हलला तं टेबल खाली करून दे."

भावांच्या पोटात मालाची खोट नव्हती. आमच्यात दोन पदार्थ कालवलेले असतात. ऊन पडलं की धन आणि ऋण विजेची एक बांधलेली जोडी जन्मते. केसाचे हजारो उभे चिरे केले, तर एका चिऱ्याच्या जाडीएवढं चालून ती मरते. तेवढ्यात दोन पदार्थांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध असावा तशी हद्द, गाठला तरच ती सुटते आणि वीज मिळते. पुढे ती वीज वाहून न्यायला पाटही अखंड लागतो. पण मे महिन्यात, वर पंखा सोडलेला, थर क्षणात वाळे; पदार्थांना आपापल्या जागी बसायला वेळच मिळत नसे. पोटात ना धानाच्या शेतासारखी आखीव बांधी, ना पाट. नुसता चिखल.

जयाबाई त्या शेंदरी काचांकडे बघत बसल्या. मग सोबतच्या रिनाला म्हणाल्या, "धान कडक उन्हात घातलं का भरडताना कणीच पडते. घरी माहीत होतं, अन् इथी मी तेच करून राह्यली."

माझ्या वेळी त्यांनी पंखा बंद केला आणि ओल्या अंगावर काचेचं भांडं पालथं घातलं.

"काऊन झाकलं वं?" रिनानं विचारलं.

"वाळू दे त्याले त्याच्या मनानं."

मी वाळत गेलो तसा शेंदरीचा जांभळा झालो. पोटातले पाट जुळले.

सोमवारी उन्हाच्या जागी माझ्यावर दिवा लावला. काटा उठला. गुणवंतरावांनी मीटरला टिचकी मारून पाहिली. काटा खाली बसला नाही.

"राहू दे टेबल," एवढंच म्हणाले.

आता मी कपाटात पडून आहे. कडेची लाख सुटली, दमट हवा आत शिरली, माझ्यानं काटा हलत नाही. मित्रांनो, माझी कीव करू नका. नव्या घटांची कड नीट बंद ठेवा. आणि एखादा शेंदरी निघाला तर त्याला नावं ठेवण्याआधी स्वतःला विचारा: त्याला वाळायला वेळ दिला होता का?