दुपारनंतर रुसणारा कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर काम करून थकत नव्हता, आराम करून थकत होता. पहाटेपासून दुपारपर्यंत लग्नाच्या अल्बमची पानंच्या पानं तो न कुरकुरता पुढे सरकवायचा. मी जेवून, जरा आडवी होऊन परत आले की मात्र एकेक फोटो उघडायला इतका वेळ लावायचा, की तेवढ्यात त्या जोडप्याच्या लग्नाचा पहिला वाढदिवस उरकला असता.

मला राग लवकर येतो, हे कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ठाण्याच्या स्टुडिओतली नोकरी मी मालकाशी भांडूनच सोडली आणि हॉलच्या कोपऱ्यात हा कॉम्प्युटर मांडून घरी अल्बम डिझाइन करायला लागले. कल्याणचे फोटोग्राफर आनंद सर, त्यांनी एक मोठा अल्बम दिला होता. "शनिवारी संध्याकाळपर्यंत आला, तर पुढच्या सीझनची सगळी लग्नं तुझी. नाही आला तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल," असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. म्हणजे हा अल्बम हुकला की पुन्हा ठाणे, पुन्हा तोच मालक आणि त्याच्यापुढे खाली मान. नुसत्या विचारानेच माझं डोकं फिरायचं.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. माझा नवरा सर्वेश म्हणाला, "अगं, जुना झालाय तो, नवीन घेऊ." कुठून घेऊ ते म्हणाला नाही. शेजारच्या सुधीरकाकांनी व्हायरसचं निदान केलं. त्यांच्या मते बिल्डिंगची लिफ्ट बंद पडते तीसुद्धा व्हायरसनेच. सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. कॉम्प्युटरच्या बाबतीत त्या बोलतच नाहीत. गेल्या दसऱ्याला त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता जाळीतून आत गेल्या, आणि मी ऐन सणाच्या दिवशी खेकसले होते, "आई, याला हात लावत जाऊ नका." त्या "बरं" म्हणाल्या आणि दिवाळीच्या तयारीला लागल्या.

जे जे सुचलं ते मी करून पाहिलं. आपोआप झोपायची त्याची सवय बंद केली, मागच्या मागे चालणारे सगळे उद्योग थांबवले, अर्धे फोटो बाहेर काढून ठेवले. कशाचा उपयोग होईना. शेवटी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या लिओनेलला बोलावलं. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि पंख्याच्या जाळीतून बोटांच्या चिमटीत एक भला मोठा पुंजका काढून माझ्यापुढे धरला.

"ताई, घरात गादीवाला बसवलाय का? धूळ मी समजू शकतो. हा तर कापूस आहे, आणि त्यात लाल सूत."

मी पडद्यांकडे पाहिलं. पडदे निळे. सोफ्याचं कव्हर खाकी. लिओनेलने डबा साफ केला, दुकानात नेला, तिथे चालू करून तासन् तास नुसता बसवून ठेवला. काही नाही, हू की चू नाही. घरी आणला आणि पहिल्याच दुपारी साहेब रुसले.

आता लिओनेलही चक्रावला. त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात आतली गरमी दाखवणारा एक आकडा बसवून दिला. "हे मशीन जास्त तापलं ना, की जळू नये म्हणून स्वतःच स्लो होतं. पण काम नसताना का तापतंय, ते मला दुकानात बसून नाही कळणार. तुम्ही उठताना आकडा बघा, परत आल्यावर बघा."

शुक्रवारी मी तेच केलं. जेवायला उठताना आकडा शहाण्यासारखा खाली होता. जेवले, आतल्या खोलीत पडले. जाग आली ती घामाने. उन्हाळ्यात मी अंगावर काही घेत नाही, तरी उठते तेव्हा गळ्यापर्यंत चादर असते. झोपेत मीच ओढत असेन, दुसरं काय. चादर लाथेने बाजूला केली आणि हॉलमध्ये आले. आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता. डब्याला हात लावला तर ताप आल्यासारखा गरम.

"आई, दुपारी इथे कोणी आलेलं का?" मी विचारलं.

"नाय गं. कोन येनार?" सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

शनिवार उजाडला तेव्हा अल्बमची शेवटची पानं बाकी होती, आणि सगळ्यात जड फोटो नेमके त्याच पानांत. दुपारी जेवल्यावर मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले, पण झोपायचं नाही असं ठरवून. कान हॉलकडे.

थोड्या वेळाने पावलं वाजली, पण ती माझ्याकडेच आली. पंखा एका नंबरने कमी झाला. पायांवर चादर पडली, हळूच खांद्यापर्यंत सरकली, आणि पावलं तशीच परत गेली. म्हणजे ती चादर झोपेत मी ओढत नव्हते. मग उठून दाराशी गेले.

सासूबाईंनी पेटीतून एक छोटीशी लाल गोधडी काढली. कॉम्प्युटरच्या डब्यावर घातली, चारी बाजूंनी खोचली, वरून हात फिरवून सारखी केली. मग वळल्या आणि मला बघून जागच्या जागी थांबल्या.

"हात नाय लावला गं मी त्याला," त्या घाईने म्हणाल्या. "नुसतं पांघरून घातलं."

"कशाला पण, आई?"

"तुझे सासरे रातपाळी करून यायचे नि दुपारचे पडायचे. कमावून दमलेलं मानूस उघडं झोपू द्यायचं नाय, असं आमच्या खडवलीला माझी आय सांगायची. पांघरून घालायचं नि घरात आवाज करायचा नाय. तुला घालते ना रोज. मग वाटलं, पाटेपासून तुझ्यासंगं हा पन राबतो. तू उठायच्या आत काढून ठेवते."

"आणि ही गोधडी?"

"लग्नातलं लुगडं होतं माझं. पेटीत पडून काय करायचं होतं त्याला?"

ओरडण्यासाठी माझं तोंड उघडलेलंच होतं. ते मी मिटलं. त्या स्टुडिओत मी इतकी वर्षं मान मोडून काम केलं, तिथे जेवलीस का एवढंसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. आणि इथे मी कमावते म्हणून माझ्यावर आणि माझ्या यंत्रावरसुद्धा कोणी रोज पांघरूण घालत होतं, तेही माझ्या तोंडाला घाबरून, चोरून. माझे डोळे भरून आले.

"आई, याचं माणसाच्या उलट असतं," मी म्हटलं. "हा दमला की याला वारा लागतो."

"म्हंजे माज्यामुळं हा तापतो?" त्यांनी झटक्यात गोधडी ओढून छातीशी धरली. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"तुमच्यामुळे आज मला कळलं तरी. तुमचा टेबल फॅन आणता का?"

त्यांनी धावत फॅन आणला. लिओनेलने दाखवलं होतं तसं मी डब्याचं झाकण काढलं, लाल सूत ब्रशने झाडलं. फॅन समोर लावला. मी कामाला बसले आणि सासूबाई स्टूल घेऊन शेजारी बसल्या, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशा त्या आकड्याकडे डोळे लावून. "उतरला गं," मधूनच म्हणायच्या. "अजून उतरला."

दिवेलागणीच्या आधी अल्बम गेला. आनंद सरांचा मेसेज आला, "मिळाला. पुढच्या लग्नाचे फोटो सोमवारी पाठवतो." सासूबाईंनी तो मला दोनदा वाचायला लावला. मी त्यांच्या पाया पडले, तर म्हणाल्या, "आज काय सन हाय का?"

रविवारी दुपारी मी आडवी झाले आणि डोळे मिटून वाट बघत राहिले. आधी हॉलमध्ये टेबल फॅनचं बटण वाजलं. मग पावलं आत आली, आणि अंगावर लाल गोधडी पडली. ती कॉम्प्युटरच्या मापाची, त्यामुळे माझे पाय उघडेच राहिले. सासूबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग पायांवर त्यांनी चादर घातली.

मला दरदरून घाम फुटला होता. मी काहीच बाजूला सारलं नाही.