‘इश्श’मधली अळी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी थकले आहे. माझ्याकडून गोड गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर लिहिलं आणि पुसलं, लिहिलं आणि पुसलं. माझ्यापाशी शिल्लक काय? कोपऱ्यातला एक टवका आणि अंगभर ओरखडे. एक गोष्ट मात्र माझ्यावरून पुसली जात नाही. ती तेवढी सांगते आणि गप्प बसते.

माझा जन्म खाणीतला. डोंगराच्या पोटात मी निवांत पडून होते. छिन्नी-हातोडा घेऊन माणसं आली, त्यांनी माझे थर सुटे केले, मला घासून गुळगुळीत केलं आणि भोवती लाकडाची चौकट ठोकली. दुकानात एका आईने मला उचललं, बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि मडकं पारखून घ्यावं तसं मला घरी नेलं. तिचा मुलगा माझ्यावर अक्षरं गिरवायला शिकला. मेला थुंकी लावून बाहीने पुसायचा! मला किळस यायची. पण ‘अक्षर कसं मोत्यासारखं काढतो’ असं शेजारी म्हणायचे, तेव्हा मलाही बरं वाटायचं.

मग घरात वह्या आल्या आणि माझी रवानगी पिठाच्या डब्यावर झाली. डब्याचं खरं झाकण हरवलं होतं. हळूहळू मला पाटी म्हणायचंही सगळे विसरले. "ते झाकण दे रे," एवढीच माझी ओळख. मित्रांनो, त्यात काय दुःख असतं ते पाटी झाल्याशिवाय कळायचं नाही.

मुलगा मोठा झाला, यंत्रं दुरुस्त करायला शिकला. त्याचं लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत तो दूर, जर्मन बोलणाऱ्या देशात कामाला गेला. मागे राहिल्या सासू आणि सून. नवऱ्याकडे राहायला जायचं तर सुनेने जर्मनची पहिली परीक्षा पास व्हायला हवी होती. नुसतं बोलून भागत नव्हतं, लिहूनही दाखवायचं होतं.

सून शिलाईच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवायची. संध्याकाळी घरी यायची ती मान चोळतच. कणीक भिजवायला तिने एकदा मला बाजूला काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो आई, ही तर पाटी आहे! लिहून बघायला किती कागद नासतात माझे. हिच्यावरच लिहीत जाऊ का?"

"लिही की. तुझ्या नवऱ्याचीच आहे," सासूबाई म्हणाल्या.

अशी मी म्हातारपणी पुन्हा शाळेत बसले.

अभ्यासाची रीत अशी होती. सून फोनवर उच्चार ऐकायची आणि पुस्तकातल्या प्रत्येक जर्मन शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठीत तो उच्चार लिहून ठेवायची. मग सासूबाई लसूण सोलता सोलता तो मराठी उच्चार मोठ्याने वाचायच्या आणि सून माझ्यावर तो जर्मन अक्षरांत लिहायची. जर्मन अक्षरं म्हणजे इंग्रजीचीच, आणि सासूबाईंना त्यांचा गंध नव्हता. पण आवाज खणखणीत होता.

पहिल्याच दिवशी त्या अडल्या. "हे काय गं? ‘इश’?"

"त्याचा अर्थ ‘मी’."

"अगंबाई! ‘मी’ म्हणायला ‘इश्श’ म्हणतात? अख्खा देश लाजतो की काय!"

सून इतकी हसली की पेन्सिल खाली पडून मोडली. "हसवू नका हो. परीक्षेत तोंडातून ‘इश्श’ निघालं म्हणजे?"

शब्दांचे नखरे काही कमी नव्हते. तिकडे प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं. टेबल मोठ्या अक्षराचं, चमचा मोठ्या अक्षराचा, आणि ‘मी’ मात्र लहान. "चमच्याला मान आणि माणसाला नाही," सासूबाई पुटपुटल्या. मग आय आणि ई या जोडीचा घोळ. कधी ही पुढे, कधी ती. त्यावर सुनेला एक युक्ती सापडली. दोघी शेजारी आल्या की मागे उभी असेल तिचंच नाव घ्यायचं. मागे ई असेल तर ‘ई’, मागे आय असेल तर ‘आय’.

"म्हणजे पुढची गप्प आणि मागची बोलणार?"

"हो ना. आपल्या घरासारखंच."

"आपल्या घरात मागची कोण, ते सांग आधी," असं म्हणून सासूबाईंनी तिला लसणाची पाकळी फेकून मारली.

मला ते दिवस आवडायचे, मित्रांनो. थकवा होताच, पण घरात आवाज होता.

आता चूक कुठे झाली ते नीट ऐका. मराठीत आपण बोलतो तसं लिहितो. ‘श’ ऐकला की ‘श’ काढला, संपलं. सुनेनेही तेच केलं. ‘श’ ऐकू आला की तिथे एस-सी-एच ही तीन अक्षरं घालायची, असा तिचा नियम. पण जर्मनमध्ये दोन वेगळे आवाज आहेत, आणि मराठीत लिहिताना दोन्ही ‘श’च होतात. एकाला एस-सी-एच, दुसऱ्याला नुसतं सी-एच. लांबलचक शब्द ती पुस्तकात पाहून तपासायची. ‘इश्श’ एवढासा, तो कोण तपासतो? तिथे हवं होतं आय-सी-एच. ती आपली प्रत्येक वेळी मध्ये एक एस घालायची. ‘नाही’, ‘मला’, ‘हवंय’ या रोजच्या शब्दांतही तसाच एस घुसला होता.

एका संध्याकाळी सून दूध आणायला खाली गेली होती. सासूबाई पुस्तकातली चित्रं पाहत होत्या. एका पानावर चेरीचं फळ आणि एक उंच मनोऱ्याची प्रार्थनेची इमारत शेजारी शेजारी. दोन्हींच्या डोक्यावर सुनेने एकच मराठी शब्द लिहिला होता, ‘किर्शे’. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि छापील शब्दांवरून बोट फिरवलं. फळाच्या शब्दात मधोमध एक वळवळणारं अक्षर होतं, इमारतीच्या शब्दात ते नव्हतं.

"फळात अळी आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "इमारतीत नाही."

मग त्यांनी पुस्तकातला ‘इश्श’ शोधला. तिथेही अळी नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर सुनेच्या हातचा ‘इश्श’ ओळीने लिहिलेला होता आणि प्रत्येकात ती अळी ठसठशीत बसली होती.

तेवढ्यात दार वाजलं. सून दूध घेऊन आली. सासूबाईंनी फडकं ओलं केलं, मला स्वच्छ पुसलं आणि विचारलं, "चहा टाकू?"

बस्स. एवढंच विचारलं. मला वाटलं, आत्ता बोलतील, उद्या बोलतील. छे! रोज माझ्यावर ती अळी लिहिली जायची, रोज त्या पाहायच्या आणि पुढचा शब्द वाचायच्या. मी दगड, मी काय ओरडणार?

परीक्षा झाली. बोलण्यात सून पास झाली, लिहिण्यात नापास.

ती रडली नाही. कारखान्यातून आली, कणीक भिजवली, आणि मला पुन्हा डब्यावर उपडी घातली. "आता नाही होत माझ्याच्याने," ती म्हणाली. "कुठे चुकतं तेच कळत नाही. ह्यांना सांगते, तुम्ही तिकडे, मी इकडे. नशिबात असेल तेव्हा भेटू." फोन लावून तिने नवऱ्याला तेच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "जेवलीस का?" त्या प्रश्नाने ती कोलमडली. फोन ठेवून मोरीत गेली आणि नळ मोठा सोडला. तिचं रडणं तरी सगळ्या घराला ऐकू आलं.

पिठाच्या डब्यावर मी पालथी होते, म्हणून पुढचं मला आधी दिसलं नाही. फक्त दोन हातांनी मला उचललेलं कळलं. सासूबाईंनी माझ्यावरचं पीठ पुसलं, पेन्सिल घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा ती परकी अक्षरं काढली. वेडीवाकडी, थरथरती. सून मोरीतून बाहेर आली तेव्हा मी तिच्यासमोर होते.

"हा तुझा ‘इश्श’," सासूबाई म्हणाल्या. "आणि हा पुस्तकातला. तुझ्या ‘मी’त अळी आहे बघ. पुस्तकातल्यात नाही."

सून पाहतच राहिली. पुस्तक ओढून तिने पानं उलटली, एकामागून एक. "अगं आई गं... सगळीकडे. मी सगळीकडे तेच लिहिलंय." मग तिचा हात थांबला. "आई, तुम्हाला हे कधी कळलं?"

"परीक्षेच्या आधी."

"आधी? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू पास झालीस की जाणार," सासूबाई म्हणाल्या. "मग या घरात मी कुणाशी बोलू, या डब्यांशी? तोंड शिवून बसले मी. आत्ता नळाचा आवाज ऐकवेना, म्हणून उठले. तुला काय बोलायचं ते बोल."

सून पुष्कळ बोलली. रागाने बोलली, आणि तिचा राग खरा होता. "माझा जीव जात होता हो अभ्यास करून! कॉलर शिवतानासुद्धा शब्द घोकत होते मी!" सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी सून दमली आणि पाटावर बसली. मग तिने फडकं घेतलं, मला पुसलं आणि पेन्सिल हातात धरली.

"वाचा पुढचा," ती म्हणाली. आवाज अजून फुगलेलाच होता. "आणि अळी दिसली की तिथल्या तिथे सांगायचं."

त्यानंतर सासूबाई शब्द वाचायच्या आणि नंतर छापील शब्दाशी माझ्यावरचं एकेक अक्षर ताडून पाहायच्या. "अळी!" असं त्या ओरडल्या की सून पुसून पुन्हा लिहायची. झिजून झिजून माझा जीव मेटाकुटीला आला. सून दुसऱ्या खेपेला पास झाली. बॅग भरताना तिने मला हातात घेतलं, वजन पाहिलं, आणि परत ठेवलं. दारातून निघताना तिने सासूबाईंना घट्ट मिठी मारली आणि दोघी ओक्साबोक्शी रडल्या.

आता घर शांत असतं. फोन येतो, बोलणं होतं, फोन संपतो.

मित्रांनो, पाटी जपा, असं मी सांगणार नाही. फुटले तर फुटले, माझं झालंय आता. पण तुमच्या शेजारी बसून कुणी जीव तोडून चुकीचं गिरवत असेल आणि तुम्हाला ते दिसत असेल, तर लगेच बोला. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. बोलल्याने तुमचं नुकसान होणार असेल, तरी बोला. सासूबाई उशिरा बोलल्या, आणि बोलल्या म्हणून एकट्या पडल्या. परवा शेजारीण त्यांना म्हणाली, "गप्प राहिला असतात तर सून आज घरात असती." सासूबाईंनी लसूण सोलता सोलता मान हलवली. "असती," त्या म्हणाल्या, "पण रोज तिच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं."