चरवीतला पाचवा दाणा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चरवी आहे. तोंड अरुंद, पोट मोठं. तांबटानं मला दुधासाठी घडवलं, पण दूध काही माझ्या नशिबी नव्हतं. मेहकरजवळच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीनं मला कौल घ्यायला ठेवलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. पाद्रीसाहेब चार-चार महिन्यांनी यायचे. एरवी पाच पंच म्हणतील ती पूर्व दिशा.

रीत अशी होती. पंचानं एक ज्वारीचा दाणा आणि एक सरकी मुठीत घ्यायची, मूठ माझ्यात घालायची आणि दोन्हींतलं एकच सोडायचं. ज्वारी म्हणजे माणूस मंडळीत राहिला, सरकी म्हणजे बाहेर. कोणी काय टाकलं ते कोणाला कळत नसे. मला मात्र कळे. मंडळी मला चिंचेनं घासून लख्ख ठेवत आणि म्हणत, आपली चरवी कधी खोटं बोलत नाही. अहो, मी बोलतेच कुठे!

एका रविवारी उपासनेनंतर गोजरबाईला उभं केलं. बाई विधवा. तिची पोर कोकिळा देवीच्या रोगानं फणफणली, तेव्हा तिनं मरीआईपुढे नारळ फोडला होता. मंडळीतून काढलं तर मिशनच्या आवारातली तिची खोली जाणार, विहिरीचं पाणीही बंद होणार.

मुख्य पंच पुंजाजी कडाडले, "येशूले सोडून दगडापाशी काऊन गेली तू?"

"पोरगी मरून राह्यली होती माही," ती म्हणाली.

तिचा सख्खा भाऊ रंगराव पंचांतच होता. तो छाती ठोकून म्हणाला, "मी माह्या बहिनीले सोडनार नाही!" वा रे वा!

मग एकेक हात आत आला. चौघांचे झाले तेव्हा माझ्या पोटात दोन ज्वारी, दोन सरक्या. त्यातली एक ज्वारी त्या कडाडणाऱ्या पुंजाजींची होती, बरं का. पाचवा हात रंगरावचा, घामानं चिंब. त्यानं सरकी सोडली. त्याच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नव्या जोडप्याला ती खोली हवी होती.

दुपारीच गोजरबाईनं बोचकं बांधलं. पुंजाजी समोर आले तर ती त्यांच्या वाटेवर थुंकली. रंगराव मात्र ढसाढसा रडत होता, नाटक्या मेला! तिनंच पदरानं त्याचे डोळे पुसले.

"रडू नको दादा. दोन ज्वारी निघाल्या. त्यातली एक तुही. मले तेवढं पुरे."

"हाव," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी अडगळीत हिरवी पडले आहे. मला घासू नका, माझी काही तक्रार नाही. पण उद्या तुम्ही पंच व्हाल आणि कोणाचं घर तुमच्या एका दाण्यावर असेल. तेव्हा मूठ भांड्यात लपवू नका. ज्याला बाहेर काढता, त्याला तुमचा तळहात दिसू द्या.